अ ते ज्ञ, शेवट वगळून

“नाव ‘जुडवाँ जेलर’ आणि आत जेलर नाहीच. एक नाही की दोन नाहीत. नुसती एक विधवा बाई आणि तिचं शिलाई मशीन. मग जुळं आहे ते काय, मशीनला झालंय?”

सासूबाई पुटपुटत होत्या. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, नवंकोरं पुस्तक डोळ्यांपासून हातभर लांब धरून. धाकटी सून तिथंच, कोपराला कोपर लागेल इतक्या जवळ, कांदा चिरत होती. सासूबाईंचं पुटपुटणं त्या घरात फ्रिजच्या आवाजासारखं होतं, बंद पडलं तरच लक्ष जायचं. त्यामुळे धाकटीनं आधी ते कानाआड केलं.

“आणि हे बघ, ‘गुमशुदा छाता’. यात विमान कोसळतंय. छत्री गेली कुठं?”

“हरवली असेल, आई. गुमशुदाच म्हटलंय ना.”

“हरवायला आधी असावी लागते गं. यात ती मुळातच नाही.” सासूबाईंनी पान उलटलं. त्यांची वाचायची तऱ्हा विचित्र होती. सिनेमाचं नाव बघायचं, मधल्या गोष्टीवरून नुसती नजर फिरवायची, थेट शेवटच्या ओळीवर बोट ठेवायचं आणि नाक मुरडायचं. “‘क्षमा करना, बड़ी बहू’ म्हणे. आणि शेवटी घोडा परत येतो. बहू राहिली बाजूला.”

धाकटीचा चाकू कांद्यात रुतून थांबला. घोडा? घोडा तर ‘तूफान में टाँगेवाला’मध्ये होता. तिनं स्वतः टाइप केला होता तो घोडा. अण्णांनी सांगता सांगता त्याची नक्कल करून दाखवली होती आणि चहाचा कप लवंडला होता, म्हणून तिच्या पक्कं लक्षात होतं.

तिनं ओल्या हातानंच पुस्तक ओढून घेतलं. पहिलं पान. ‘अंगूठी और इन्स्पेक्टर’. खाली गोष्ट : लहानपणी जत्रेत ताटातूट झालेले दोन जुळे भाऊ मोठेपणी दोन वेगवेगळ्या तुरुंगांचे जेलर होतात...

धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. कांदा होता म्हणून बरं. सासूबाईंना शंका आली नाही.

झालं होतं ते असं.

अण्णा, म्हणजे धाकटीचे सासरे, एका कारखान्यात टाइमकीपर होते. कोण किती वाजता आत आला आणि किती वाजता बाहेर गेला हे बघण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर बघायला कुणी उरलं नाही, तेव्हा ते घरातल्यांचं येणंजाणं बघायला लागले आणि घर रडकुंडीला आलं. मग आजारी पडले. आजारातून उठले ते गप्प होऊनच. दिवसभर खिडकीशी बसायचे. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. एका दुपारी धाकटी शेजारी भाजी निवडत बसली होती, तेव्हा अचानक म्हणाले, “मी ‘जुडवाँ जेलर’ पाहिलाय, माहितीय? त्यातल्या दोन्ही जेलरांना एकाच बाजूला तीळ होता. मेकअपवाल्यानं कमाल केली होती.”

कित्येक आठवड्यांत ते एका दमात इतके बोलले नव्हते. धाकटीनं भाजी टाकून कॉम्प्युटर उघडला. “सांगा अण्णा, लिहून घेते.”

तिथून पुस्तक सुरू झालं. ‘अ ते ज्ञ : उल्लेखनीय हिंदी चित्रपटांचा अकारविल्हे मार्गदर्शक’. अण्णा आठवेल तसे सिनेमे सांगत आणि धाकटी दोन रकान्यांत उतरवून घेई. डावीकडे नाव, उजवीकडे गोष्ट. अण्णांना रंग चढला. दाढी रोज व्हायला लागली. तिला ते ‘संपादक’ म्हणायला लागले. “संपादक, चहा झाला का?” असं. धाकटीला आजवर माहेरी ‘शेंडेफळ’ आणि सासरी ‘धाकटी’ यापलीकडे पदवी नव्हती. तिला आतून गुदगुल्या व्हायच्या.

एकच गोष्ट होती, जिच्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नसे.

अण्णा सिनेमाचा शेवट पाहत नसत. कधीच पाहिला नव्हता. संपायला दहाएक मिनिटं राहिली की ते उठत. “चला, गर्दी व्हायच्या आत.” मग बायको, मुलं, पिशवी, पाण्याची बाटली अशी वरात अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर पडे आणि रिकाम्या बसमध्ये खिडकीच्या जागा धरून बसे. धाकटीच्या नवऱ्याला तर कॉलेजात जाईपर्यंत वाटायचं की मारामारी सुरू झाली की सिनेमा संपतो. कॉलेजच्या मित्रांबरोबर पहिल्यांदा गेला तेव्हा मारामारी सुरू होताच हा सवयीनं उठला, आणि मित्रांनी भित्रा म्हणून त्याला वर्षभर चिडवलं.

त्यामुळे पुस्तकातल्या सगळ्या गोष्टींचे शेवट अण्णांनी आपल्या मनानं लावले होते. बहुतेक ठिकाणी ‘अखेर गैरसमज दूर होऊन सर्वजण एकत्र येतात’. जिथं जनावर असेल तिथं ते परत येई. टाइप करताना धाकटीला कळायचं, नवऱ्याला कळायचं, सासूबाईंना तर कळायचंच. पण खिडकीशी गप्प बसलेला माणूस पुन्हा बोलायला लागलाय, त्याला मध्येच ‘अहो, पण शेवट?’ असं कोण विचारणार? सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं.

मग सिनेमे लावायची वेळ आली. डाव्या रकान्यातली नावं निवडून धाकटीनं अकारविल्हे लावायचं बटण दाबलं. कॉम्प्युटरनं एक चौकोन पुढं करून विचारलं, शेजारच्या रकान्यातली माहितीही सोबत हलवायची का?

आता धाकटीचा स्वभाव असा, की कुणीही काहीही विचारलं तर पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं. चहा घेणार? नको. बसायला खुर्ची देऊ? नको. लहानपणापासूनचं वळण. माणसं परत विचारतात, आग्रह करतात, मग आढेवेढे घेत हो म्हणायचं. त्या दिवशीही तिचं बोट आपसूक ‘नको’वर गेलं. कॉम्प्युटरनं आग्रह केला नाही.

नावं शिस्तीत अ ते ज्ञ उभी राहिली. गोष्टी जिथल्या तिथंच बसून राहिल्या.

छापण्याआधी कुणी वाचलं नाही का? वाचलं ना. पण छापखानेवाले आणि अण्णा यांचं ‘क्ष’वरून वाजलं होतं. ‘क्ष’ शेवटी घ्यायचा की ‘क’च्या पोटात घालायचा? छापखानेवाले म्हणत, सिनेमे हिंदी आहेत तर हिंदी शब्दकोशाप्रमाणे ‘क’मध्ये. अण्णा म्हणत, वाचणारे मराठी आहेत, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटीच, नाहीतर पुस्तकाचं नावच बदला. दोन्ही बाजूंनी फोन झाले, अबोले झाले. या धुमश्चक्रीत सगळ्यांनी फक्त नावं तपासली. नावं अचूक होती.

आणि काल रात्री पुस्तकाचे गठ्ठे बाहेरच्या खोलीत येऊन पडले होते, आणि आज दुपारी समोरच्या वाचनालयात प्रकाशन होतं.

नवरा दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण.

“अरे, घोटाळा झालाय,” धाकटीनं दार लोटून घेतलं. “सगळ्या गोष्टी चुकीच्या नावाखाली गेल्यात. एकूण एक.”

“म्हणजे?”

तिनं सांगितलं. तो ऐकत राहिला. साबण वाळला.

“तू तर अण्णांना म्हणालास की मी अक्षर न् अक्षर वाचलंय.”

“अक्षरं बरोबरच आहेत की,” तो आरशाकडे बघत म्हणाला. मग जरा धीर देत, “अगं, एवढं काय घाबरतेस? वाचतंय कोण?”

हे बोलून झाल्यावर दोघंही एकमेकांकडे बघत राहिली. दाराबाहेरून अण्णांची शीळ ऐकू येत होती. आजारपणानंतर अण्णा पहिल्यांदाच शीळ घालत होते.

“छापखान्यात विचार,” नवरा खालच्या आवाजात म्हणाला.

छापखानेवाल्यांनी फोनवर शांतपणे ऐकून घेतलं. “वहिनी, मी शुद्धलेखन बघतो. कोण कुणाशी लग्न करतो हे मी बघत नाही.”

“पण आता करायचं काय?”

“शुद्धिपत्र जोडू. ‘चुकीचे’ आणि ‘बरोबर’ असे दोन रकाने करायचे.”

“सगळंच चुकीचं आहे हो.”

“मग शुद्धिपत्र पुस्तकाएवढंच होईल. हरकत नाही, छापतो की. फक्त एक सांगतो, मी पहिल्यापासून म्हणत होतो ‘क्ष’ हा ‘क’मध्ये...”

धाकटीनं फोन ठेवला. काय करायचं ते एकच दिसत होतं. निदान आजचा दिवस अण्णांच्या नजरेला पुस्तकाचं आतलं पान पडू द्यायचं नाही. समारंभ होऊ दे, हारतुरे होऊ देत, मग उद्या-परवा आपणच पायांवर डोकं ठेवून सांगू. नवऱ्यालाही ते पटलं. त्यानं अण्णांचा वाचायचा चष्मा टेबलावरून उचलला, इकडंतिकडं पाहिलं आणि आपल्या मोज्यात घालून कपाटात ठेवून दिला.

थोड्याच वेळात अण्णा दारात आले.

“धाकटे, माझा चष्मा पाहिलास?”

“नाही बाई,” धाकटी म्हणाली. सासऱ्यांना ‘बाई’ म्हणाल्याचं तिच्या उशिरा लक्षात आलं.

“सापडत नाहीये कुठं.” पण अण्णा वैतागलेले दिसले नाहीत. उलट चेहरा चांगला खुललेला होता. “असू दे. हरवला तर हरवला. समारंभात चार उतारे वाचायचे होते मला. आता तू वाच. संपादक आहेस ना तू? स्टेजवर बस माझ्या शेजारी.”

“नको, नको अण्णा!”

“ठरलं तर मग,” अण्णा म्हणाले आणि शीळ घालत गेले. इतकी वर्षं एका घरात राहून ‘नको’चा अर्थ त्यांना बरोबर कळला होता, आणि तो नेमका आजच कळायचा होता.

धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पायांकडे बघत होता.

“चष्मा परत ठेव,” ती म्हणाली.

“आता ठेवला तर ते वाचतील.”

“आणि नाही ठेवला तर मला वाचावं लागेल.”

“तू निदान सांभाळून वाचशील,” नवरा म्हणाला. त्याच्या मते प्रश्न सुटला होता.

वाचनालयाचा हॉल भरला होता. शेजारपाजार, कारखान्यातले जुने लोक, ओळखीचे दुकानदार. अध्यक्षस्थानी एक निवृत्त प्राध्यापक होते. सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणत. अध्यक्षपदाला नाही म्हटल्याची त्यांची नोंद कुठंच नव्हती. त्यांना पुस्तक सकाळी पोचलं होतं आणि वेष्टण बहुधा रिक्षात फाडलं असावं, कारण त्याचा एक तुकडा अजून त्यांच्या बाहीला चिकटलेला होता.

“या ग्रंथाचं वैशिष्ट्य काय?” सर म्हणाले. त्यांनी मध्येच कुठलं तरी पान उघडलं. “हे पाहा. ‘डाकू की दाई’. आणि आशय काय? तर, एका संगीतशिक्षकाची प्रेमकथा. डाकू नाही. दाई नाही. लेखक आपल्याला सांगतात की खरा डाकू आपल्या मनात असतो.”

टाळ्या पडल्या. धाकटीनं स्टेजवरच्या खुर्चीचा हात घट्ट धरला. शेजारी अण्णा प्रसन्न मुद्रेनं मान डोलावत होते. यांना कळत कसं नाही, धाकटी चक्रावली. चष्मा नाही, पण कान तर आहेत.

मग ग्रंथपालबाईंनी जाहीर केलं, “आता संपादक वाचून दाखवतील. ज्यांना ज्या सिनेमाबद्दल ऐकायचंय त्यांनी नाव सांगावं.”

औषधाच्या दुकानवाले पटकन उठले. “‘सिलाई मशीन की कसम’! आमच्या लग्नाच्या वर्षी पाहिलेला. हिला घेऊन गेलो होतो.”

धाकटीनं पान काढलं. तिथं जे छापलं होतं ते वाचण्यावाचून गत्यंतर नव्हतं. “एका वाळवंटी संस्थानातला राजपुत्र वेष पालटून उंटांच्या तांड्यात सामील होतो...” तिचा आवाज बारीक होत गेला. “...अखेर गैरसमज दूर होऊन सर्वजण एकत्र येतात.”

“वा!” औषधवाले म्हणाले. “डोळ्यांसमोर उभा राहिला. तो उंट काय, ते सगळं काय. आठवतं ना गं?”

त्यांच्या बायकोनं नवऱ्याकडे असं पाहिलं, की कुणाला घेऊन गेला होतात हे घरी गेल्यावर विचारते.

मग एकेक जण उठायला लागला. धाकटी नाव एकाचं आणि गोष्ट दुसऱ्याची वाचत होती, आणि लोक ‘अगदी, अगदी’ म्हणत होते. एका गृहस्थांनी तर न छापलेला प्रसंगही सांगितला. नवरा मागच्या रांगेतून अंगठा दाखवत होता. आता संपतंच आलं होतं.

एवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू उठल्या. त्या ऐकत असत, हा त्यांचा दोष होता.

“‘जुडवाँ जेलर’चं वाचा बरं.”

धाकटीनं वाचलं. विधवा बाई, शिलाई मशीन, हालअपेष्टा, गैरसमज दूर, सर्वजण एकत्र.

“बरं झालं बाई एकत्र आले,” काकू म्हणाल्या. “पण मला एक सांगा. यात जुळे कुठं आले?”

सरांनी घसा खाकरला, पण त्यांनाही चटकन जुळे सुचले नाहीत. बस झालं, आता सांगून टाकायचं. धाकटी उठणार, तोच शेजारून अण्णा ठामपणे म्हणाले, “ते शेवटी कळतं.”

मागच्या रांगेत नवऱ्यानं बुटांची लेस बांधायला घेतली. पहिल्या रांगेत सासूबाई छताकडे बघायला लागल्या. घरातल्यांपैकी कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवेना.

“मग बघूच या की!” ग्रंथपालबाईंनी टाळी वाजवली. “अण्णांसाठी आम्ही एक गंमत ठेवली होती. त्यांना आजारपणातून उठल्यावर सगळ्यात आधी हाच सिनेमा आठवला होता म्हणे. आम्ही तो मिळवलाय. आत्ता इथंच दाखवणार आहोत!”

भिंतीवर पांढरा पडदा खाली आला. दिवे गेले. धाकटी पहिल्या रांगेत अण्णा आणि सासूबाई यांच्या शेजारी येऊन बसली.

सिनेमा सुरू झाला आणि पहिल्याच दृश्यात जत्रेत दोन जुळी पोरं हरवली. दुसऱ्या दृश्यात दोन जेलर. दोघांच्या एकाच गालावर तीळ. शिलाई मशीनचा पत्ता नाही. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. पानांची फडफड ऐकू आली. कुणी तरी मोबाइलच्या उजेडात पुस्तक उघडून पडदा आणि पान ताडून बघत होतं.

धाकटीनं डोळे मिटले.

मागच्या खुर्चीवरून सरांचा आवाज आला. “छे, छे, छे. काय हे! सिनेमावाल्यांनी मूळ पुस्तकाची पार वाट लावली.”

“नाहीतर काय,” औषधवाले म्हणाले. “पुस्तकात विधवेचं पात्र किती सुंदर रंगवलंय. यांनी ते गाळूनच टाकलं. धंदा, दुसरं काय.”

“मला तर पुस्तकच आवडलं,” काकू म्हणाल्या, आणि पुस्तकं मिटली.

धाकटीनं एक डोळा उघडला. मग दुसरा. छातीवरची धोंड उतरल्यासारखी झाली, पण अर्धीच. लोकांचं निभावलं. शेजारी बसलेल्या माणसाचं काय? ज्यानं तिला संपादक म्हटलं, त्याला आपण फसवत बसायचं? ती अंधारात त्यांच्या कानाशी वाकली.

“अण्णा, माझी मोठी चूक झालीय. मी नावं लावली, पण गोष्टी हलवल्याच नाहीत. सगळ्या पुस्तकाची खिचडी झालीय.”

“हळू बोल,” अण्णा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. “माहितीय मला.”

“माहितीय?”

“सकाळी तुम्ही सगळी झोपेत होतात तेव्हाच वाचलं. अंगठीच्या सिनेमात माझे जेलर बसलेले बघितले आणि हसू आवरेना. ‘डाकू की दाई’ वाचताना तर मी पलंगावरून पडता पडता वाचलो.”

“मग चष्मा?”

“मोज्यात आहे, शोधताना दिसला. मोज्यात चष्मा ठेवतात का गं? पोराला सांग, काच घासली जाते.” अण्णा जरा थांबले. “मी काढला नाही मुद्दाम. म्हटलं, बरंच झालं. आपल्याला वाचायला नको.”

“तुम्ही रागावला नाहीत?”

“रागावू कशाला? मी सुटलो.”

“सुटलो म्हणजे?”

अण्णा खुर्चीत चुळबुळले. “म्हणजे कसं... उद्या कुणी जाणकार भेटला, म्हणाला की अमक्या सिनेमाचा शे... अमक्या सिनेमातलं अमुक असं नाहीये, तर म्हणता येईल, छपाईत गोष्टी इकडच्या तिकडं झाल्यात. माणसाची आठवण काय, हे आपलं...” त्यांना ठसका लागला. “दुसरी आवृत्ती काढू आपण. नीट लावू. तू बटण दाब, मी शेजारी बसतो. सिनेमा बघ आता.”

धाकटीला एकदम इतकं हलकं वाटलं की पुढच्या गाण्यावर तिनं चक्क पायानं ताल धरला. तिनं मागं वळून नवऱ्याकडे पाहिलं आणि मान हलवून सांगितलं, मिटलं. नवऱ्यानं नुसताच तोंडाचा चंबू करून सुस्कारा सोडला, तो दोन रांगा ऐकू गेला.

सिनेमा चालला होता. एक जेलर दुसऱ्या जेलरच्या तुरुंगात कैदी म्हणून आला. दोघांची आंधळी आई एकाच्या हातचं पाणी प्यायली आणि थबकली. मग खलनायकाच्या गोदामात सगळे जमले. पिंपं गडगडली. मारामारी सुरू झाली.

अण्णा उठले.

मागच्या रांगेत नवराही उठला, आणि भानावर येऊन परत बसला. अण्णांनी मात्र खुर्चीखालून पिशवी काढली, पाण्याची बाटली तीत घातली आणि सासूबाईंच्या खांद्याला हात लावला.

“चल. गर्दी व्हायच्या आत.”

वाचनालयासमोर रस्ता होता आणि रस्त्यापलीकडे त्यांचं घर होतं. बस पकडायची नव्हती. खिडकी धरायची नव्हती. तरीही रांगेतल्या लोकांनी मुकाट्यानं गुडघे आत घेतले.

सासूबाई उठल्या नाहीत.

“अगं, चल ना.”

“अहो,” सासूबाई म्हणाल्या. एरवीसारखं पुटपुटून नाही. पिंपांच्या गडगडाटातूनही शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आपण आजवर एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही.”

ग्रंथपालबाईंनी बिचकून सिनेमा थांबवला. पडद्यावर दोन्ही जेलर मुठी उगारून तसेच राहिले. इतकी वर्षं घरातल्या सगळ्यांनी जीव तोडून सांभाळलेलं हे वाक्य, ते भर सभेत पिंपासारखं गडगडत आलं होतं.

अण्णा पिशवी धरून उभे. “पण... मी विचारलं होतं तुला. लग्न झाल्यावर पहिल्याच सिनेमाला. गर्दीत तुला उभ्यानं यावं लागेल, बस लागते तुला, खिडकी मिळाली तर बरं, म्हणून मी विचारलं, शेवटापर्यंत थांबायचं का? तूच म्हणालीस, नको.”

“पहिल्यांदा नकोच म्हणायचं असतं हो,” सासूबाई म्हणाल्या. “नवी नवरी, एकदम हो कशी म्हणेल? मला वाटलं, परत विचाराल. तुम्ही परत विचारलंच नाहीत. पुस्तक आलं तेव्हा म्हटलं, यात तरी शेवट मिळतील. सकाळपासून शोधतेय. तर सगळीकडे आपला घोडा परत येतोय.”

धाकटीला ‘नको’ दाबलेलं ते बटण आठवलं आणि तिनं तोंडाला पदर लावला. हसू दाबायला की आणखी कशाला, ते तिचं तिलाच कळलं नाही.

अण्णांनी पिशवी खाली ठेवली. बाटली बाहेर काढून ठेवली. आणि बायकोकडे वाकून, लग्नानंतरच्या पहिल्या सिनेमाला विचारलं असेल तसं हळूच विचारलं, “थांबायचं का?”

“नको,” सासूबाई सवयीनं म्हणाल्या.

सगळा हॉल अण्णांकडे बघत होता. अण्णा आणखी वाकले.

“खरंच नको?”

सासूबाईंनी पदर सारखा केला. खुर्चीत नीट मागं टेकून बसल्या.

“थांबायचंय,” त्या म्हणाल्या.